सोळाशे वॅट आणि एक मोजा

"मोटर गेली जी काकू. यावर खर्च करून काही मतलब नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका."

आज सकाळी शेजारच्या काकूंच्या व्हॅक्यूम क्लीनरबद्दल एका कंपनीचा माणूस हॉलमध्ये उभ्याउभ्या हे बोलून गेला. मशीन उघडली नाही, नळी सोडवली नाही, फिल्टर बघितला नाही. बटण दाबलं, आवाज ऐकला, व्हिजिट चार्ज खिशात घातला, झालं निदान! काकू मग मोबाइलवर नव्या मशीनचे फोटो दाखवत होत्या, "सोळाशेची गेली तर आता दोन हजार वॅटची घेऊ का?"

जुनी मशीन तीन वर्षांची. नळी सोडवून मशीनच्या तोंडावर तळहात धरला तर असा खेचला की सुटता सुटेना. म्हणजे मोटर ठणठणीत. मग नळी उभी धरून वरून पोराचा एक कंचा (गोटी) सोडला. खाली आलाच नाही. हँडलच्या वळणात शाळेचा पांढरा मोजा गच्च बसला होता. त्याच्यामागे दोन हेअरपिना, टिकल्यांचं अख्खं पाकीट आणि केसांचा गोळा. मोटर गेली म्हणे!

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि कोणालाही जमते. एकच सांभाळा, अडकलेलं काढायला लोखंडी तार घालू नका. नळीला भोक पडलं की हवा तिथूनच आत येते आणि मशीन जन्मभर अर्धीच ओढते. झाडूची काडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा.

आता वॅट. दुकानात पहिला प्रश्न हाच असतो आणि तोच चुकीचा. वॅट म्हणजे मशीन वीज किती खाते. कचरा किती खाते, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. युरोपात २०१४ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. तिथली घरं काही धुळीत बुडाली नाहीत. कंपन्यांनी पंखा, नळी आणि ब्रश सुधारले, बस. आपल्याकडे मात्र खोक्यावर जितका मोठा आकडा तितकी मशीन दमदार, असं समजून आपण पैसे मोजून राहिलो.

खोक्यावरच्या 'किलोपास्कल'चंही, म्हणजे ओढीच्या आकड्याचंही, तसंच. तो आकडा बहुतेक वेळा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. हवा वाहतच नाही तेव्हाची ती ओढ. कचरा उचलायला ओढ पाहिजे आणि वाहती हवाही पाहिजे. नुसत्या ओढीने टाइल्सला ब्रश चिकटून बसतो आणि शेव जागच्या जागी राहते.

त्या माणसाला आवाज ऐकून "मोटर गेली" वाटलं, त्याचं कारणही सांगतो. नळी तुंबली की मोटरचा आवाज चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारी जोर लावून राहिली. असतं उलट. हवाच आत येत नाही म्हणून पंख्याला काम उरत नाही आणि तो मोकाट फिरतो. घरातल्या बहुतेक मशीनमध्ये मोटर थंड होते ती त्याच ओढलेल्या हवेने. हवा नाही म्हणजे मोटर तापणार, आतला थर्मल कटआउट पडणार, मशीन बंद होणार आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणार. काकूंकडे महिनाभर हेच चाललं होतं. घरचे स्विच बदलत बसले होते, आणि आत काय, तर मोजा.

मोजा काढल्यावरही ओढ निम्मीच होती. फिल्टर उघडला तर त्यावर पांढरी भाकरी थापलेली. दिवाळीचं पेंटिंग झालं आणि भिंतीच्या पुट्टीची घासलेली धूळ याच मशीनने ओढली. पुट्टी, सिमेंट, रांगोळी, पिठी ही धूळ इतकी बारीक असते की फिल्टरच्या घड्यांमध्ये जाऊन बसते आणि झटकून निघत नाही. ओला हात लागला की तिचा लगदा होतो. रंगाऱ्याच्या कामाला घरची मशीन द्यायची नाही, म्हणजे नाही. पहिला थर झाडू आणि ओल्या फडक्याने. रांगोळीही आधी सुपलीत भरून घ्या.

फिल्टर धुण्यातही लोक चुकतात. आधी त्यावर 'वॉशेबल' लिहिलंय का बघा. बरेच हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारे) फिल्टर धुवायचे नसतातच, पाणी लागलं की कामातून गेले. धुवायचा असेल तर साध्या पाण्याने, साबण नाही, ब्रश नाही, आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण चोवीस तास. अर्धओला लावला तर आंबूस वास येतो आणि ओल मोटरपर्यंत जाते. वासावरून बरंच कळतं बरं का. जळक्या रबराचा वास म्हणजे फिरत्या ब्रशचा पट्टा. गरम वार्निशसारखा वास म्हणजे मोटरची वाइंडिंग (आतली तारेची वेटोळी), तेव्हा लगेच बंद करा. मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या आणि अडखळत चालणं म्हणजे कार्बन ब्रश, मोटरला आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजले. ते मोटरच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतात आणि मोटर रिवाइंड करणारा कोणीही बसवून देतो. "मोटर गेली"मधल्या किती मोटरी खरं तर फक्त कार्बनसाठी भंगारात जात असतील!

मग घ्यायची कोणती? आपल्या नागपूरच्या हिशेबाने बघा. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर, म्हणजे चार महिने बाहेरची धूळ आपणच पंखा लावून आत घेतो. वर कूलरच्या ताट्यांचा भुसा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडच्यांना राखेचं काय सांगायचं. घरात सहा माणसं, दोन शाळकरी पोरं, दिवाण, गाद्या, सोफा. अशा घराला चाकांची, नळीवाली, पिशवीची मशीन. हजार ते चौदाशे वॅट पुरे झाले.

चौदाशेच्या वर का नाही? प्लगसाठी. बेडरूममधलं साधं सॉकेट सहा अँपिअरचं असतं. १२०० वॅटची मशीन सव्वापाच अँपिअर घेते, चालून जाते. चौदाशेची सहाच्या काठावर येते. १६०० ची सातच्या आसपास जाते, तिला सोळाचं जाड सॉकेट लागतं, आणि ते घरात कुठे असतं? गीझरजवळ, फ्रिजजवळ, एसीच्या बाजूला. मग जाड पिन सहाच्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर लावा, पातळ वायरचं एक्स्टेंशन लावा. काकूंच्या कन्व्हर्टरची एक बाजू वितळून पिवळी पडली होती. मशीन घेण्याआधी घरातली सॉकेटं मोजा आणि मशीनची वायर किती मीटर आहे ते विचारा. पाच मीटरपेक्षा कमी असेल तर प्रत्येक खोलीत प्लग बदलत फिरावं लागतं. मग आठ दिवसांत मशीन माळ्यावर जाते.

पिशवी का, तर बिनपिशवीचा डबा रिकामा करताना अर्धी धूळ तोंडावर येते. घरात दम्याचं माणूस असेल तर आधी या क्षणाचा विचार करा, हेपाची जाहिरात नंतर वाचा. फ्लीसची (कापडासारखी) पिशवी दोन तृतीयांश भरली की तोंड बंद करून सरळ कचऱ्यात. हो, पिशव्यांचा खर्च सुरू राहतो आणि बर्डीच्या बाजारात हव्या त्या मापाच्या मिळतीलच असं नाही, मान्य. वर्षभराच्या एकदम मागवून ठेवा.

वेट अँड ड्रायचा मोह सगळ्यांना होतो, "पाणीपण ओढते ना!" वर्षातून किती वेळा ओढायचंय पाणी? त्यासाठी दरवेळी पिशवी आणि कोरडा फिल्टर काढा, टाकी धुवा, वाळवा. फरशीवर साबणाचं पाणी असेल तर फेस फ्लोटला (टाकी भरली की ओढ थांबवणाऱ्या तरंगत्या झडपेला) चकवून मोटरमध्ये जातो, ते वेगळंच. तळमजल्यावर पावसाचं पाणी शिरत असेल तर घ्या, तेवढ्यांना ती खरंच हवी.

कॉर्डलेस हलकी असते, पोरांनी शेव सांडली की लगेच हाती येते, हे खरंय. पण 'मॅक्स'वर बहुतेक मशीन दहा मिनिटांत मान टाकतात आणि तीन खोल्यांना अर्धा तास लागतो. बॅटरी निघते का आणि सुटी विकत मिळते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मे महिन्यात बाल्कनीत चार्जिंगला तर अजिबात लावू नका. लिथियम बॅटरी पंचेचाळीसच्या वर चार्ज करायची नसते आणि आपला मे त्या आकड्याला कैकदा हात लावून येतो. रोबोट रोजची बारीक धूळ छान उचलतो, पण दोन सेंटिमीटरच्या वरचा उंबरठा आला की बहुतेकदा बसला गपचूप. चार्जरच्या वायरी आणि मोजे गिळतो, ते आहेच.

हे सगळं दुकानात बोललं जातं. एक गोष्ट मात्र कोणीच विचारत नाही, ही मशीन चालवणार कोण? काकूंकडे ती सकाळी कामाला येणाऱ्या ताई चालवतात. खरेदीला गेले काका आणि मुलगा. ताईंची उंची पाच फुटांच्या आत, पाइप लांबी न बदलणारा, त्या वाकूनच चालवतात. "वाकून वाकून कंबर धरते बाई," एवढंच म्हणाल्या, तक्रार म्हणून नाही, सहज. लांबी कमीजास्त होणारा टेलिस्कोपिक पाइप घ्यायला काय जात होतं? जी व्यक्ती रोज धरणार तिला सोबत न्या, पाइप हातात द्या, दिवाणाखाली जाईल का बघायला लावा. घरून वाटीभर रवा आणि थोडे तांदूळ न्या, दुकानाच्या फरशीवर टाका. कोपऱ्यातला रवा एका फेरीत उचलला तर पुढचं बोला. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

त्या सकाळच्या माणसाचा राग आता थोडा उतरलाय. त्यालाही महिन्याला इतक्या मशीन विकायच्या असतील. पण भाऊ, नळी तरी काढून बघायची!

काकूंची मशीन ठणठणीत आहे. फिल्टर वॉशेबल निघाला, तो पंख्याखाली वाळतोय. उद्या संध्याकाळपर्यंत मशीनला हात लावायचा नाही अशी घरात ताकीद आहे. मोजाही धुऊन दोरीवर टाकलाय. त्याच्या जोडीचा दुसरा मात्र काकूंनी मागच्याच आठवड्यात, "एकटा ठेवून काय करायचं" म्हणून फेकून दिला.