मारवा, मिनिटाला २८ फेरे

आमच्या घरातला रेकॉर्ड प्लेअर मामाने १९८३ साली न्यू जर्सीहून आणला. सोबत ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, कारण तिकडची वीज १२० व्होल्टची आणि इंदूरची २३०ची. ट्रान्सफॉर्मर विटेएवढा होता आणि चालू केला की खर्जात गुणगुणायचा. आई म्हणाली, हा आवाज बंद करता येतो का? बाबा म्हणाले, "अगं, तानपुरा फुकट मिळालाय."

रोज दिवेलागणीला बाबा गवई अमीर खाँसाहेबांची ती एलपी लावत. एका बाजूला मारवा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. बाजू संपेपर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही, पोह्यांचा डबा उघडायचा नाही, शिंक आलीच तर गच्चीवर जायचं. खाँसाहेब आमच्या इंदूरचे, झूमरा तालाची लय अतिविलंबित, म्हणजे फार संथ, आणि बाबांनी तरुणपणी त्यांना समोर बसून ऐकलेलं. "ही शांतता आता कुणाच्या गळ्यात नाही," हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकलंय. लताबाईंची जुनी रेकॉर्ड लागली की मात्र बाबा जरा गप्प व्हायचे. "आवाज थकलेला वाटतो नाही?" असं म्हणायचे. गाणं १९५०च्या आसपासचं असायचं.

गेल्या मे महिन्यात मारवा अर्ध्यात थांबला. प्लेअर घेऊन महाराणी रोडला गेलो. मिस्त्रीने ताटली उचलली. खाली रबरी पट्ट्याच्या जागी काळा गूळ झाला होता. "भिया, ये तो पिघल गया," तो म्हणाला आणि बोट माझ्याच रुमालाला पुसलं. पट्टा बाहेरून मागवायचा, दीड महिना लागेल. मधल्या काळासाठी मी शिंप्याकडून परकराचं इलॅस्टिक आणून बसवलं. खाँसाहेब उचकी लागल्यासारखे गाऊ लागले. बाबा उठून देवळात गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात नव्याचं भूत शिरलं. ओळखीतले एक गृहस्थ साकेतमध्ये राहतात, त्यांच्याकडे काही लाखांचा टर्नटेबल आहे असं ऐकून होतो. गेलो. हॉलमध्ये जाड काचेसारखी ताटली, पोलादी दांडा, खाली दगडी लादी. "चालताना जरा टाचा उचला," ते म्हणाले. मग मोटार कशी अबोल, बेअरिंग कसं तेलात तरंगतं, सुई कशी हिऱ्याची, हे पाऊण तास सांगितलं. सुई झिजली की ती बसवलेली डबी, म्हणजे अख्खं कार्ट्रिज, बदलायचं, आणि त्या कार्ट्रिजमध्ये आमची स्कूटर आली असती. शेवटी रेकॉर्ड लागली. खरं सांगतो, फार सुंदर वाजली. इतकी स्पष्ट की मागे एक व्हायोलिनवाला श्वास घेतो तो ऐकू आला. गृहस्थांनी मला तो श्वास तीनदा ऐकवला. गाणं पूर्ण ऐकायचं राहिलं.

मग जुनाच पण चांगला घ्यावा म्हणून चौकशी केली, तर त्यात आणखी एक शहाणपण हाती लागलं. 'व्हिंटेज' आणि 'जुना' यांत घराण्यातला आणि घरातला एवढा फरक आहे. १९५४चा गॅरार्ड ३०१ किंवा १९५७चा थोरेन्स टीडी १२४ म्हणजे व्हिंटेज. त्यांचं वजन कणकेच्या भरल्या डब्यासारखं, आणि आज किंमतही तशीच जड. मामाने आणलेला प्लास्टिकचा, तो जुना. स्वस्तात मिळणारे बहुतेक त्याच जातीचे: रबर सुकलेलं, तेलाचा डिंक झालेला, सुई कुणाच्या तरी पोराने मोडलेली. दुरुस्तीचा खर्च धरला की ते स्वस्त राहत नाहीत आणि नवेही होत नाहीत.

शेवटी टेक्निक्सचा एसएल-१२०० घेतला, नवा. हे मॉडेल १९७२पासूनचं, २०१०मध्ये बंद पडलं, २०१६मध्ये परत आलं. म्हणजे जुनंही आणि नवंही, अशी मी मनाची समजूत घातली. किंमत लाखाच्या वर. बायकोला आकडा सांगताना मी शून्यांवरून जरा भरभर गेलो. तिने ती मोजली. "अहो, फिरतंच ना ते फक्त?" एवढंच म्हणाली.

जोडणी मीच केली. सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकावी याचंही माप असतं. माझ्या सुईला १.८ ग्रॅम. एवढंसं वजन सराफच तोलतात, पण मी जेवणाच्या टेबलावर चिमुकला काटा मांडून, पंखा बंद करून, मेच्या उकाड्यात दोन तास दांड्याच्या मागचं वजन केसभर पुढेमागे सरकवत बसलो. १.९. १.७. १.९. घामाचा थेंब काट्यावर पडला, २.१. मुलाने फोनवर तोच मारवा लावून दाखवला आणि काही न बोलता निघून गेला.

संध्याकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. सुई टेकली. पहिल्या आलापाला बाबांनी डोळे उघडले.

"कोण गातंय हे?"

"खाँसाहेब, बाबा. तीच रेकॉर्ड."

"छे. आवाज चढा आहे. आणि घाई बघ किती! गाडी पकडायची आहे का त्यांना?"

मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, यंत्रात बिघाड आहे. दुसऱ्या आठवड्यात मागवलेला पट्टा आला, तो जुन्या प्लेअरला बसवला, रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ धरून फेरे मोजले. मिनिटाला हवेत ३३⅓. भरले २८. पुन्हा मोजले. बायकोला मोजायला बसवलं, तिचेही २८. मग प्लेअर उलटा केला. बुडाच्या पत्र्यावर, चाळीस वर्षांच्या धुळीखाली, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या हेलकाव्यांना, हातही लावत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. अशा प्लेअरची मोटार विजेच्या ठेक्यावर चालते, आणि ठेका सहाऐवजी पाचाचा मिळाला की ताटलीही तेवढीच रेंगाळते. १९८३पासून आमच्या घरात काळी एकचं गाणं काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या तीन पट्ट्या खाली, वाजत होतं. एकवीस मिनिटांची बाजू पंचवीस मिनिटं चालायची, आणि बाबा पाहुण्यांना सांगायचे, आमच्या रेकॉर्डींत बरकत आहे. लताबाईंचा थकवाही आमच्या वायरीतून येत होता.

हे सगळं बाबांना कागदावर गणित मांडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "मी त्यांना समोर बसून ऐकलंय. तू?"

यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस नवा प्लेअर झाकून होता. तिसऱ्या दिवशी पुस्तिका चाळताना त्या उजव्या बाजूच्या पट्टीकडे लक्ष गेलं. डीजे लोक तिच्यावर वेग कमीजास्त करतात. सोळा टक्के वर, सोळा टक्के खाली. मी बोटांवर हिशेब केला. ३३⅓मधून सोळा टक्के गेले की उरतात बरोबर २८.

पट्टी उणे सोळाच्या टोकाला नेली. सुई टेकली. बाबांनी डोळे मिटले, मान डोलली. "हं," म्हणाले, "आता बसला आवाज." मी कपाळावरचा घाम पुसतोय तोच एक डोळा उघडला.

"तानपुरा कुठंय?"

आता रोज संध्याकाळी लाखाच्या वरचं यंत्र उणे सोळावर फिरतं आणि त्याच्या शेजारी, कशालाही न जोडलेला ट्रान्सफॉर्मर प्लगमध्ये खोचून ठेवलेला असतो.