राजगडावरचं ताक आणि क्रेंदीच्या शिळा

माल्टा बेटाच्या दक्षिणेला क्रेंदी नावाचं छोटं गाव आहे. मी तीन वर्षं इथे भाड्यानं राहते. गावाबाहेर, समुद्राकडच्या उतारावर हाजर ईम आणि म्नायद्रा ही दगडी मंदिरं उभी आहेत. वय पाच हजार वर्षांहून जास्त, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीची. १९९२ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले त्याच यादीत गेले आणि घरच्या फोनवर तोच विषय सुरू झाला. पन्हाळ्यावर तर वस्तीच आहे; उद्या घराची कौलं बदलायलाही परवानगी लागेल का, ही तिथल्यांची धास्ती. माझं माहेर वेल्ह्याकडचं. काकू दर रविवारी ताकाचा कॅन घेऊन राजगड चढते. भाऊ म्हणतो, गड वाचवायचा तर वरची सगळी विक्री खाली आणावी लागेल.

कडक राखणीला माझा विरोध नाही. हाजर ईमचा चुनखडक इतका मऊ, की खारा वारा आणि पाऊस त्याला खातात. म्हणून २००९ मध्ये दोन्ही मंदिरांवर मोठं तंबूसारखं छत घातलं, पुढे काढता येईल असं. आधी ते डोळ्यांना खुपलं, आता पटतं. २००१ च्या एप्रिलमध्ये म्नायद्रात कुणीतरी रात्री घुसून साठेक शिळा पाडल्या होत्या. अशा जागेला पहारा हवाच.

पण इथे आणखी एक गोष्ट रोज दिसते. बस मंदिराच्या दारात थांबते. पर्यटक शिळा बघतात आणि तसेच खाली ब्लू ग्रोटो या समुद्री गुहेच्या होड्यांकडे जातात. गावात फारसं कुणी येत नाही. १५ ऑगस्टला सांता मारियाच्या सणाला सगळं क्रेंदी रस्त्यावर असतं, पण शेजारच्या आजींना आपण मंदिरात शेवटचं कधी गेलो ते आठवत नाही. शिळा जपल्या गेल्या, गावाशी त्यांचं नातं मात्र पातळ झालं.

राजगडाचं तसं होऊ नये. गुंजवणे, पाली या गावांतल्या बायकांचं ताक आणि पिठलं-भाकरी हे अतिक्रमण नव्हे. गडाचा पैसा गावात राहतो तो त्यांच्यामुळे. त्यांना वर ठरलेली जागा द्या, कचरा खाली आणायची अट घाला. पन्हाळेकरांना कोणत्या दुरुस्तीला परवानगी लागेल आणि कोणत्या नाही, ते साध्या मराठीत लिहून द्या. भावाला मी हेच सांगितलं. त्याला अजून पटलेलं नाही.