पाणी दोनदा उकळून बर्फ काचेसारखा होत नाही

"पाणी दोनदा उकळा, मॉकटेलसाठी काचेसारखा बर्फ तयार" असा मेसेज फिरतोय, पण तसं होत नाही हो. उकळून पाण्यातली हवा थोडी कमी होते एवढंच, ट्रेमध्ये पाणी सगळ्या बाजूंनी गोठत आत येतं आणि उरलेली हवा, क्षार मधोमध अडकतात, तोच तो पांढरा डाग. त्यापेक्षा छोटा आइसबॉक्स (पिकनिकला नेतात तो जाड भिंतींचा डबा) पाणी भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा, बाजूंनी थंडी आत शिरत नाही, मग बर्फ फक्त वरून खाली धरतो, साधारण 18-20 तासांनी तळाशी अजून पाणी असतानाच काढा, हवा आणि क्षार त्या पाण्यातच राहतात. मी कोकम-सोड्यात असा एकच मोठा तुकडा टाकते, आरपार लालभडक दिसतं आणि हळू वितळतो म्हणून शेवटच्या घोटापर्यंत पाणचट लागत नाही. आणि फ्रीजरात मासे उघडे ठेवू नका प्लीज, बर्फाला वास लागतो.