हलका, वेगवान बाण सगळ्याच शिकारीला पुरतो का?

अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो: ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून बाण जितका हलका तितका त्याचा मारा जबर, आणि हरणाला चालणारा बाण एल्कलाही (हरणाच्याच कुळातला, पण कितीतरी मोठा प्राणी) चालतो. (भारतात वन्यप्राण्यांची शिकार कायद्याने बंद असल्याने हा वाद तिकडचाच.)

सूत्र खरे आहे, पण वापर चुकीचा आहे. धनुष्य तेच असेल तर बाणाला मिळणारी ऊर्जा धनुष्यच ठरवते, आणि जड बाण त्यातला थोडा जास्तच वाटा उचलतो. समजा 70 पौंड ताणाचे कंपाउंड (कप्प्यांचे आधुनिक) धनुष्य 350 ग्रेनचा (सुमारे 15 ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) बाण सेकंदाला 300 फूट वेगाने आणि 500 ग्रेनचा साधारण 260 फूट वेगाने सोडते. तर ऊर्जा अनुक्रमे 70 आणि 75 फूट-पाउंड येते, म्हणजे फरक किरकोळ. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मात्र जड बाणाचा जवळजवळ चोवीस टक्क्यांनी अधिक भरतो. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापत आत जातो. त्यामुळे जाड कातडे, स्नायू आणि फासळ्या ओलांडताना हा संवेगच कामी येतो.

दुसरा मुद्दा सपाट मार्गाचा: वेगवान बाण वाटेत कमी खाली येतो, म्हणून अंतराचा अंदाज चुकला तरी नेम साधतो. तो खोटा नाही, फक्त फुगवलेला आहे. हवेचा रोध सोडून हिशेब केला, तर 30 यार्डांचा नेम धरून प्राणी 33 यार्डांवर निघाल्यास हलका बाण सुमारे 5 सेंटिमीटर खाली लागतो आणि जड बाण साडेसहा. लेझर अंतरमापक हाती असताना दीड सेंटिमीटरसाठी संवेग कशाला सोडायचा? शिवाय जड बाणाने धनुष्याचा आवाज कमी होतो, आणि ध्वनी कोणत्याही बाणाच्या आधीच हरणाच्या कानी पोहोचून त्याला दचकवू शकतो.

पांढऱ्या शेपटीच्या हरणापुरता दावा बहुतांशी टिकतो: धारदार पाते फासळ्यांमागे नीट बसले तर 350 ते 400 ग्रेन पुरतात. एल्क किंवा त्याहूनही मोठ्या मूससाठी मात्र 450 ते 500 ग्रेनच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. आफ्रिकेतील केप रानम्हशीची गोष्टच वेगळी. जाड हाड फोडण्यासाठी बाणाच्या भेदनक्षमतेचे अभ्यासक एड अ‍ॅशबी यांनी सुचवलेली किमान 650 ग्रेनची मर्यादा तिथे सार्थ ठरते. पण तोच आकडा 45 पौंडी धनुष्य वापरणाऱ्या हरणाच्या शिकाऱ्यावर लादणे हेही टोकच आहे.

राहिला ‘जितका हलका तितका चांगला’ हा भाग. ताणाच्या प्रत्येक पौंडामागे किमान 5 ग्रेन हा धनुष्य बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे 70 पौंडाला 350 ग्रेन हा तळच झाला. त्याखाली गेल्यास न सामावलेली ऊर्जा धनुष्याच्या बाहूंवर आणि प्रत्यंचेवर उलटते.