मूळ चीनचं, नाव न्यूझीलंडचं

तुमच्या लेखात किवी हे फळ ‘मूळचं न्यूझीलंडचं’ म्हटलंय, तेवढं कृपया दुरुस्त करा. हे फळ चीनचं. इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेने १९०४ मध्ये तिथून बिया न्यूझीलंडला नेल्या. ‘किवी’ हे नाव तर १९५९ चं, निर्यातीसाठी दिलेलं! आपल्याकडे ते हिमाचलात पिकतं, अरुणाचलच्या झिरो खोऱ्यातही. नर आणि मादी वेल वेगवेगळे, म्हणून बागेत दोन्ही लावावे लागतात.

गेल्या आठवड्यात वाशीच्या फळबाजारातून आणलेली फळं दगडासारखी कडक होती. आईने ती दोन पिकल्या केळ्यांसोबत कागदी पिशवीत गुंडाळून ठेवली. चौथ्या दिवशी अंगठा अलगद रुतला. आंबट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा अशी पिकवून, चमच्याने गर काढून खाऊन बघाच.