ट्रॉलर, यॉट आणि देवगडकरांची तक्रार

देवगडकर दादा, नमस्कार. उत्तराला तीन आठवडे लागले त्याबद्दल आधी सॉरी. बोट स्लिपवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या दुरुस्तीच्या उतारावर, चढवलेली होती आणि संध्याकाळी घरी आल्यावर हाताचं डांबर काढता काढताच झोप यायची. त्यात लिहायला बसलो तर हे एवढं लांबलं, म्हणून कमेंटखाली न टाकता वेगळंच टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की इथे नॉर्वेत आम्ही तिघांनी मिळून एक जुनी लाकडी मच्छीमार बोट घेतली, तिच्यावर राहण्याची सोय केली आणि उन्हाळ्यात फ्योर्डांमधून, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्यांमधून, फिरतो. हेडिंग होतं 'जुन्या गाडीच्या किमतीत क्लासिक ट्रॉलर यॉट'. त्यावर देवगडकरांनी चांगलंच झाडलं. इकडे ट्रॉलर (ट्रॉल म्हणजे बोटीने मागे ओढत न्यायचं जाळं) आणि पर्ससीनने (माशांच्या थव्याला घेरून खालून आवळायचं मोठं जाळं) रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्यांच्या, पोटावर पाय दिला आणि तुम्ही तिकडे तसल्याच ट्रॉलरवर सोफे टाकून पिकनिकला निघालात, डिझेल जाळायची हौस नुसती, किंमतसुद्धा अर्धीच सांगितलीत, कोणी पोरगं हे वाचून असली बोट घेईल आणि पैशाने बुडेल. आणि शेवटी एक टोला, "मासे तरी पकडता का?"

किमतीचं आधी घेतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय. बोट १,८०,००० क्रोनरला मिळाली हे खरं, क्रोनर आठेक रुपयांचा धरा, तिघांत वाटली तर खरंच सेकंडहँड गाडीची किंमत. पण ४८ फुटी बोट एवढ्या स्वस्तात का मिळते हा प्रश्न मी पोस्टमध्ये विचारलाच नाही, आणि खरं सांगायचं तर घेतानाही विचारला नव्हता. स्वस्त मिळते कारण कोणाला नको असते. त्यानंतरच्या चार वर्षांत आम्ही किमतीच्या दुपटीहून जास्त घातलेत, आणि यात आमची स्वतःची मजुरी धरलेली नाही, ती धरली तर बायको हा ब्लॉग वाचणं बंद करेल.

झालं काय, आमच्यातला तिसरा पार्टनर म्हणजे शेजारचा म्हातारा, आयुष्यभर मासेमारी केलेला. घेण्याआधी तो एक छोटा हातोडा घेऊन बोटीभोवती फिरला. फळीवर ठोकायचं आणि ऐकायचं. टण्ण वाजलं तर लाकूड जिवंत, ठप्प वाजलं तर आत भुगा. पाण्याखालच्या फळ्या सगळ्या टण्ण, म्हातारा खूश, आम्ही त्याच्याहून खूश. त्याने वरच्या पट्ट्यावर, म्हणजे डेकच्या खालच्या दोन-तीन फळ्यांवर, ठोकलं तेव्हा दोन ठिकाणी ठप्प झालं, तो म्हणाला चार फळ्या बदलू, होऊन जाईल. यार्डात चार फळ्या उघडल्यावर मागच्या ओकच्या फासळ्यांची डोकी अक्षरशः चहातल्या बिस्किटासारखी हातात आली. चाराच्या अकरा फळ्या झाल्या. वर लोखंडी खिळे गंजून त्यांच्याभोवतीचं लाकूड काळं पडलेलं, ते वेगळंच.

आणि इथे मला जी गोष्ट उशिरा कळली ती नीट सांगतो, कारण कोणी पोरगं खरंच बोट घ्यायला निघालं तर त्याला हीच उपयोगी पडेल. ही लाकडं समुद्राच्या पाण्याने कुजत नाहीत, पावसाच्या पाण्याने कुजतात. खारं पाणी लाकडाला लोणच्यासारखं टिकवतं, गोडं पाणी कुजवतं. म्हणून या बोटी वरून खाली मरतात. मासेमारीच्या काळात डेकवर दिवसभर खारं पाणी, खणात मिठातले हेरिंग मासे, दारं कायम उघडी, वारा आरपार. मग बोट आमच्यासारख्या हौशी माणसाकडे येते, तो आत हीटर लावतो, भिंतींना छान लाकडी पॅनेलं ठोकतो, दारं बंद करून सहा महिने घरी बसतो आणि वर पाऊस पडत राहतो, तोसुद्धा इथल्या पश्चिम किनाऱ्यावरचा. तुमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात ना, तेच इथे हिवाळ्यात ताडपत्रीने करायचं असतं, फक्त दोन्ही टोकं वाऱ्याला उघडी ठेवून. पहिल्या वर्षी आम्ही ताडपत्री घट्ट बांधली होती, अगदी पार्सलसारखी. वसंतात उघडली तेव्हा आत मश्रूम होते. खोटं नाही सांगत, फोटो आहेत.

आता ट्रॉलर. इथे तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे पण माझ्या बोटीवर निघाला हे चुकलं, आणि त्याला मीच जबाबदार. 'ट्रॉलर यॉट' हा शब्द यॉट विकणाऱ्यांचा, विशेषतः अमेरिकेतल्या. जाड पोटाची, संथ चालणारी, मच्छीमार बोटीसारखी दिसणारी कुठलीही मोटरबोट त्यांच्या लेखी ट्रॉलर, तिने कधी ट्रॉल ओढला असो वा नसो. १९६०च्या दशकात नॉर्वेत हौशी मालकांसाठी म्हणूनच बांधलेल्या रोम्सडाल बोटी त्यातल्या, त्यांची गोष्ट वेगळी. आमची म्हातारी १९४७ची, हार्डांगरमध्ये बांधलेली, आणि तिने जन्मभर जाळी आणि गळाच्या लांब दोऱ्या टाकल्या. ट्रॉल एकदाही नाही. मी गूगलवर लोकांना सापडावं म्हणून हेडिंगमध्ये तो शब्द टाकला, म्हणजे माझाही धंदा झालाच थोडा.

पण दादा, तुमच्या मुद्द्याला इथली जोड देतो, तुम्हाला आवडेल. १८९०च्या मार्चमध्ये उत्तर नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांमधल्या ट्रोलफ्योर्डमध्ये कॉड मासा खच्चून भरला होता. वाफेच्या बोटीवाल्यांनी फ्योर्डाचं तोंडच जाळ्यांनी बंद केलं, आत यायचं तर पैसे टाका. मग छोट्या होड्यांचे कोळी चिडले, वल्ही आणि हुकाच्या काठ्या घेऊन थेट बोटींवर चढले. याला इथे ट्रोलफ्योर्डची लढाईच म्हणतात. पुढच्याच वर्षी कायदा होऊन लोफोतेनच्या मासेमारीत त्या घेराच्या जाळ्यांवर बंदी आली. ट्रॉलवरही १९३६ साली कायद्याने बंधनं घातली, छोट्या मच्छीमारांच्या दबावाने. म्हणजे ज्या देशाच्या बोटीवर तुम्ही चिडलात त्या देशातले रापणकार तुमच्या आधी शंभरेक वर्षं हेच भांडण भांडलेत. आणि सगळीकडे जिंकले असंही नाही, १९६०च्या दशकात पर्ससीनला यांत्रिक ब्लॉक (जाळं ओढून घेणारी कप्पी) आणि सोनार (पाण्याखालचे मासे शोधणारं यंत्र) मिळाल्यावर इथला हेरिंग दशकाच्या शेवटापर्यंत जवळजवळ संपवलाच त्यांनी.

कडू भाग पुढे आहे. याच नॉर्वेने १९५२मध्ये भारताशी करार केला आणि पुढच्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नीण्डकराला इंडो-नॉर्वेजियन प्रोजेक्ट सुरू झालं. हेतू चांगलाच होता, होड्यांना इंजिन, बर्फ, दवाखाना, पिण्याचं पाणी. मग कोळंबीला परदेशात भाव आला आणि इंजिनाच्या बोटीमागे ट्रॉल लागला, तिथून केरळातल्या पारंपरिक मच्छीमारांचं जे आंदोलन पेटलं ते पावसाळी ट्रॉलबंदीपर्यंत, म्हणजे १९८८पर्यंत, चाललं. घरात ट्रॉलला वेसण घालणारा देश, आणि त्याच्या मदतीच्या पाठीवर बसून तो आपल्याकडे आला. हे मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला आमच्या शाळेत त्या प्रोजेक्टसाठी डबा फिरवून नाणी गोळा केली होती. आपल्याकडे महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१६चा पर्ससीनवरच्या बंधनांचा आदेश निघाला, तो समुद्रात किती उतरला ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही.

डिझेलचं सरळ सांगतो, जाळतो, आणि हौसेसाठीच जाळतो, त्याला दुसरं नाव देत नाही. सात नॉटने (ताशी तेरा-एक किलोमीटर) गेलं की तासाला नऊ-एक लिटर. दिवसभरात सहा तास चाललो तर पन्नासेक लिटर, म्हणजे साधारण दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. बाजूने पंचवीस-तीस नॉटने उडत जाणाऱ्या प्लास्टिकच्या बोटी याच्या कितीतरी पट पितात, पण शेजारी जास्त पितो म्हणून आपली दारू औषध होत नाही हे मलाही कळतं. असल्या जड बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो, आमची नऊ नॉटच्या पुढे ढकलली तर स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि डिझेल नुसतं ओतलं जातं. म्हणून घाई करताच येत नाही.

आणि चालू करायला किती वेळ लागतो ते तर तुम्ही विचारलंच नाहीत! इंजिन विकमान, दोन सिलिंडरचं, बेमलो बेटावरच्या रुबेस्ताडनेसेत बनलेलं, जुन्या पद्धतीचं. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचे गोळे असतात, ते ब्लोलँपने दहा-पंधरा मिनिटं तापवायचे, लाल दिसायला लागले की हँडल फिरवून तेल पंप करायचं, मग टाकीतली दाबाची हवा एका झटक्यात सोडायची. लागलं तर डुंक, डुंक, डुंक, सगळ्या बंदराला कळतं. पहिल्या उन्हाळ्यात बेमलोच्याच एका छोट्या बंदरात मी रात्री हवेचा व्हॉल्व्ह नीट बंद केला नाही. सकाळी गोळे लालबुंद, पाहुणे डेकवर कॉफी घेऊन तयार, आणि टाकीचा काटा शून्यावर. पाहुण्यांपैकी एकजण मदतीला म्हणून वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजनचा सिलिंडर आणू का म्हणाला. कधीही आणू नका, असं इंजिन ऑक्सिजनने चालू करायला गेलात तर ते फुटतं. शेवटी एका कोळ्याने त्याचा कॉम्प्रेसर आणि पाइप दिला, अर्धा दिवस गेला, आणि त्याने पैसे घेतले नाहीत पण हसून घेतलं पोटभर.

सोफ्याबद्दल: आहे, माशांच्या खणातच आहे, आणि मलाही तो पहिल्यांदा खटकला होता. पण इथे सरकार मच्छीमारांना जुन्या बोटी मोडीत काढायचे पैसे द्यायचं, अट ही की बोट नष्ट झाली पाहिजे. कित्येक धडधाकट बोटी कापल्या, जाळल्या. ज्या वाचल्या त्यातल्या बऱ्याच कोणीतरी हौशी माणसाने आत गादी टाकली म्हणून वाचल्या. काहींना सरकार आता वारसा म्हणून दर्जा देतं, दुरुस्तीला अनुदान देतं, नोर्हैमसुंदसारख्या ठिकाणी खास जुन्या बोटींची केंद्रं आहेत. आमच्या म्हातारीला तो दर्जा नाही, कारण ऐंशीच्या दशकात एका मालकाने केबिन फूटभर उंच करून टाकली आणि मोठ्या काचा लावल्या. समोरून बघितली तर चष्मा लावलेल्या आत्यासारखी दिसते. केबिन मूळ उंचीवर आणायची तर माझं डोकं छताला लागतं, तो वाद तिघांत चालूच आहे.

कोणी पोरगं घ्यायला निघालंच तर एवढंच बघायला सांगा: डेकखालच्या फळ्या ठोकायच्या, पाण्याखालच्या नाही. इथे घेणार असेल तर लांबी १५ मीटरच्या आत ठेवायची, आमची १४.६ आहे, त्यावर गेलं की साधी बोट चालवायची परीक्षा पुरत नाही, मोठं सर्टिफिकेट लागतं. १९८०च्या आधी जन्मलेल्याला १५ मीटरपर्यंत काहीच लागत नाही, त्यामुळे आमचा म्हातारा बिनधास्त सुकाणू धरतो आणि परीक्षा पास झालेला मी दोऱ्या गुंडाळतो.

राहिला मासा. पकडतो दादा, हातगळाने, जुलै-ऑगस्टमध्ये मॅकरेल येतो तेव्हा. बांगड्याचा चुलतभाऊ, अंगावर वाघाचे पट्टे, चव थोडी तेलकट. गेल्या वर्षी बेमलोच्या मागे सोळा मिळाले, तिरफळं टाकून कढी केली आणि म्हाताऱ्याने दोनदा वाढून घेतली, तिरफळ मात्र प्रत्येक वेळी ताटाच्या कडेला मोजून ठेवलं. आता डबा संपलाय. मे महिन्यात कोणी देवगडहून इकडे येणार असेल तर कळवा.