निरीक्षकाच्या अटीचं काय?

ऑनलाइन फसवणुकीच्या तपासावरच्या तुमच्या लेखात पोलिसांच्या नव्या सायबर प्रयोगशाळांचं कौतुक आहे, ते रास्तच. पण त्यातलं ‘लोक तक्रारीला उशीर करतात म्हणून पैसे बुडतात’ हे काही पूर्ण खरं नाही.

आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंना ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचं भासवून अटकेचा धाक दाखवत, लुटलं. मुलाने तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन केला, पोचक्रमांक मिळाला, एका खात्यातली थोडी रक्कम गोठवलीही गेली. बाकीची तोवर चार खात्यांतून पुढे सरकली होती. पोलीस ठाण्यात गेले तर उत्तर काय, ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. आणि येताना सगळ्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून आणा.’ सत्तरीच्या बाई झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभ्या!

यात त्या अंमलदाराचा दोष कमी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार अशा गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. निरीक्षक ठाण्यात मोजकेच, आणि त्यांच्यामागे मोर्चे, मिरवणुका, कोर्ट. पूर्वी ही अट उपअधीक्षकाची होती, ती खाली आणली. मग प्रशिक्षण देऊन उपनिरीक्षकांना अधिकार द्यायला काय हरकत आहे?

आपल्या पोलिसांना जमत नाही असं नाही. २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, त्यात पुणे पोलिसांनी माणसं पकडली आणि २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षाही झाली. तशी चिकाटी पाच लाख गमावलेल्या पेन्शनरच्या वाट्यालाही यायला हवी. लुटीचे पैसे फिरवायला आपली बँक खाती भाड्याने देणारे तर आपल्याच गावांत बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करा.